चार हाडं आणि धिंगरी

एका दसऱ्यापासून पुढच्या फाल्गुनापर्यंत आमच्या ह्यांनी माझ्या हातचं जे मटण खाल्लं, ते मटण नव्हतं. ती धिंगरी होती, भुसकटावर उगवणारी अळिंबी, म्हणजे मशरूम. दर रविवारी आणि गुरुवारी मी ती मटण म्हणून त्यांच्या ताटात वाढत होते, आणि ते हाड चोखत मला बोकडाची जात सांगत होते. हे लिहिताना आधी हसू येतं आणि मग लाज वाटते.

मी अंगणवाडी सेविका आहे. डोंगरकड्याहून वारंगा फाट्याकडे जाताना आत वळलं की आमचं गाव लागतं. गरोदर बायांना आणि लेकुरवाळ्यांना काय खावं, किती खावं हे सांगण्यात माझी उमर गेली. कुणाला भीत नाही. सासूबाई म्हणायच्या, हिची जीभ म्हणजे कात्री आहे. आमचे हे शेळ्या-मेंढ्या राखणारे. बोकड पारखावं ते त्यांनीच, असं आखाडा बाळापूरच्या बाजारातले खाटीकही म्हणत. पाठीवरून एकदा हात फिरवला की किती मटण पडेल ते सांगणार, आणि ते बराबर निघणार. शाळा चौथीपर्यंत, पण या एका गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा असे, आणि त्यांना त्याचा गर्व होता.

त्या वर्षी आषाढात फाट्यावर टेम्पोत शेळ्या चढवताना त्यांच्या छातीत कळ आली. लोकांनी नांदेडला नेलं. नळी तुंबली होती, स्प्रिंग टाकावी लागली. डॉक्टर आत आणि मी दवाखान्याच्या जिन्यात. तिथे उभी राहून मी आमच्या गावच्या पिराला बोलले, की माणूस पायांनी चालत घरी येऊ दे, मी कंदुरी करीन.

कंदुरी म्हणजे पिराच्या नावाने बोकड कापायचं, दर्ग्यापाशीच शिजवायचं आणि गावाला जेवू घालायचं. आमच्याकडे हिंदूही करतात आणि मुसलमानही. आमच्या गावात त्यात आणखी एक रीत आहे. ज्याने ते बोकड राखलं त्याने पहिला घास घ्यायचा. त्याने घेतल्याशिवाय पंगतीत कुणी ताटाला हात लावत नाही. आणि आमच्या घरचं बोकड राखणारे हेच. जिन्यात उभं असताना यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मटण विसरा, तेलही बेतानं." तेव्हा मला कळलं की ज्या माणसाच्या जिवासाठी मी नवस बोलले, त्यालाच पहिला घास खावा लागणार आहे. पोषण शिकवणाऱ्या बाईचं हे डोकं.

माणूस चालत घरी आला. शेळ्या दिरांकडे राखायला दिल्या आणि हे अंगणातल्या बाजेवर बसून राहायला लागले. वरण वाढलं तर म्हणत, पोटात वारा धरतो. सोयाबीनच्या वड्या केल्या तर म्हणत, हे बैलाचं खाणं हाय. अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवत. अंगणवाडीत गरोदर बायांचं वजन करायचा काटा आहे, त्यावर मी त्यांना दर सोमवारी उभं करी. दर सोमवारी काटा थोडा मागेच. तपासणीला नेलं तर डॉक्टर म्हणाले की अंगातलं मांस झडतंय, प्रोटीन गेलं पाहिजे पोटात. गावातल्या लेकरांसाठी मी हीच बडबड करते आणि माझ्या घरातला माणूस माझ्यासमोर वाळत होता. मला त्यांचा रागही येई. संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याचा गळा ढिला झालेला दिसला की रडूही येई.

भाद्रपदात आमच्या बचत गटाला अळिंबीचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेल्या बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी सांगितलं, ही झाडही नाही आणि प्राणीही नाही, ही बुरशी आहे, तिची जात वेगळीच. चरबी नावापुरती, कोलेस्टेरॉल अजिबात नाही. हृदयाच्या माणसाला चालते. तिच्यातले तंतू रक्तातली चरबी कमी व्हायला मदत करतात. प्रोटीन चांगल्या प्रतीचं, ब जीवनसत्त्वं आहेत, आणि उन्हात ठेवली तर ड जीवनसत्त्वही तयार होतं. मी खोड काढायची म्हणून विचारलं, "म्हणजे मटणाच्या बरोबरीची का?" बाई म्हणाल्या, "नाही. ताज्या अळिंबीत पाणीच जास्त. वजनाला वजन लावलं तर प्रोटीन मटणातच जास्त भरेल, आणि बी बारा जीवनसत्त्व तर हिच्यात जवळपास नाहीच. कुणी तसं सांगून विकत असेल तर घेऊ नका. पण ज्याला मटण चालत नाही त्याला ही रोज चालते, डाळीबरोबर द्या." हे खरं बोलणं मला आवडलं. जाता जाता त्या म्हणाल्या की मोठ्या शहरांत एका बुरशीपासून अगदी खिम्यासारखं मटण करतात आणि पाकिटात घालून विकतात, खाणाऱ्याला फरक कळत नाही. बाकी सगळं मी वहीत लिहिलं होतं, हे शेवटचं लिहायची गरज पडली नाही.

गटातल्या दोघींनीच ते काम धरलं, एक मी आणि दुसरी दर्ग्याच्या मुजावरांची बायको. तिला सगळं गाव चाची म्हणतं. शेळ्यांची करडं कोंडायची आमची खोली रिकामीच होती, त्या करडांच्या खोलीत जागा केली. सोयाबीनचं भुसकट भिजवायचं, उकळायचं, निथळायचं, मग त्याचे आणि अळिंबीच्या बियाण्याचे थर पिशवीत भरून अंधारात टांगायचं. खिडकीला ओलं पोतं. दिवसातून तीनदा आत जाऊन पाणी फवारायचं. पंधरा-वीस दिवसांत पिशवी आतून पांढरी होते आणि मग भोकांमधून धिंगरीचे झुबके बाहेर येतात.

पहिला झुबका मी हौसेने ह्यांना दाखवला. ते म्हणाले, "कुत्र्याच्या छत्र्या खाऊ घालून राहिली का मला? मी काय मेलो न्हाई अजून." आणि भाजी केली तेव्हा ताटाला हातही लावला नाही.

दसऱ्याच्या आठवड्यातल्या गुरुवारी मी खोटं बोलले. म्हटलं, "डॉक्टरला फोन केला व्हता. आठवड्यातून दोनदा थोडं चालंल म्हनले. मांडीचं, चरबी काढलेलं." त्यांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर जीव दिसला, आणि त्या तोंडाकडे बघून मला शब्द परत घेता आला नाही.

धिंगरीचा देठाकडचा जाड भाग बोटांनी उभा फाडला की मटणासारखाच रेषेरेषेने सुटतो. तो कोरड्या तव्यावर पाणी आटेस्तोवर परतायचा, हळद, आलं, लसूण लावून ठेवायचा. निखाऱ्यावर भाजलेला कांदा, काळा मसाला, रश्शाला घट्टपणा यावा म्हणून भाजलेल्या डाळीचं पीठ, आणि तेल एक चमचा. वासाला कुठे कमी नव्हतं. कमी होतं ते हाड. ते मी चाचीकडून आणलं. चार हाडं, उकळून, घासून, वाळवून डब्यात ठेवलेली. दर वेळी रश्शात तीच चार. जेवण झालं की ताटातून उचलून धुवायची आणि परत डब्यात.

बोकडाची पारख असलेला माणूस फसला कसा, असं पुढे मला पुष्कळांनी विचारलं. गोळ्यांनी त्यांच्या जिभेला पत्र्याची चव आली होती, दाढा पडलेल्या होत्या, हे झालंच. पण खरं कारण म्हणजे माणसाला जे पाहिजे असतं तेच ताटात दिसतं. ते हाड तोंडात धरून ओढत आणि म्हणत, "आजकालच्या बोकडाच्या नळीत काही ऱ्हायलंच न्हाई. पेंड घालत्यात, नळी भरंल कशानं." मी व्हय म्हणे. एकदा बोटात एक तुकडा धरून म्हणाले, "हा पाठीचा हाय, मांडीचा न्हाई. खाटकानं फसवलं तुला." मी पदराआड हसले होते. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

एवढं मात्र झालं की रश्शाबरोबर ते दोन भाकरी खायला लागले, वरणही खायला लागले. काटा थांबला आणि मग पुढे सरकू लागला. बाजेवरून उठून बांधापर्यंत जायला लागले. पौषात नांदेडला रक्त तपासलं तर चरबी उतरलेली, बाकीही सगळं जिथल्या तिथे. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "जे चाललंय तेच चालू ठेवा." काय चाललंय हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एसटीत बसल्यावर हे म्हणाले, "ऐकलं ना? तीन महिने मटन खाऊन राहिलो. काय झालं? उलट सुधारलं. मटनानं काही होत न्हाई, डॉक्टर लोकं उगं भेव घालत्यात." फाट्यावर उतरून चहाच्या टपरीवर चार लोकांना हेच सांगितलं. घरी आल्यावर म्हणाले, "आता तुझी कंदुरी करून टाकू. त्या दिवशी पोटभर खातो, आन तिथून पुढं रोजच्यासारखं आपलं."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. अळिंबीने केलेलं काम मटणाच्या नावावर गेलं होतं, आणि ते नाव मीच दिलं होतं. खरं सांगावं तर पारखी माणसाची गावात शोभा. न सांगावं तर हा माणूस पंगतीत तर्री पिणार आणि पुढे दर बाजारी पिशवी भरून आणणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी म्हटलं, "डॉक्टरला पुन्हा विचारू." ते म्हणाले, "तूच फोन केला व्हता ना? त्यानं चालंल म्हनलं." मी म्हटलं, "जास्त नको खायला." ते म्हणाले, "रिपोर्ट बघ." ज्या दाराकडे जावं ते मीच आधी लावून ठेवलेलं. अशा वेळी मी त्या करडांच्या खोलीत जाऊन बसे. ओल्या पोत्याचा वास, अंधार, आणि चारी बाजूंनी पांढऱ्या पिशव्या. श्वास घ्यायला जड जाई, तरी बाहेर यावंसं वाटत नसे.

चाचीला सगळं ठाऊक होतं. एके दुपारी पिशव्या बघायला आली तेव्हा तिथेच बसली. म्हणाली, "सांगून टाका बाई. आज सांगाल तर घरातल्या घरात राहील."

"सांगितलं तर ते माझ्याशी बोलनार न्हाईत, चाची."

"आन न्हाई सांगितलं तर?"

मी फवारणीचा पंप उचलला आणि उगीचच पाणी मारत राहिले.

मग मी मुजावर चाचांकडे गेले. म्हटलं, बोकडाऐवजी दुसरं काही केलं तर चालेल का. चाचा म्हणाले, "पिराला गूळ-चपातीचा मलीदा बी चालतो. त्याला कुठं भूक हाय. पन तुमी बोकड बोलल्या. आता बदलायचं तर ज्याच्या जिवासाठी बोलल्या त्यानं स्वतः येऊन म्हनावं." म्हणजे पुन्हा ह्यांच्याशीच बोलायला लागणार. मी दोनदा तयारी केली. एकदा गेले तर ते कंदुरीसाठी निवडलेल्या बोकडाला सुबाभळीचा पाला चारत होते. दिरांकडून ते मुद्दाम परत आणलं होतं, लहानपणापासून त्यांनीच वाढवलेलं. मला म्हणाले, "तू नवस बोलली म्हनून मी हाय." कुणाच्या देखत नाही, नुसतंच म्हणाले. लग्नाच्या इतक्या वर्षांत असं काही ते बोलले नव्हते. मी पाल्याची एक डहाळी त्यांच्या हातात दिली आणि घरात आले. दुसऱ्यांदा मी त्यांच्यासमोर बसलेही, पण ते जेवत होते आणि माझी चार हाडं त्यांच्या ताटात होती.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी कंदुरी झाली. दर्गा केळीच्या मळ्यामागे, टेकाडावर. पुरुषांनी मोठ्या पातेल्यात मटण चढवलं, आम्ही बाया चिंचेखाली भाकरी थापत होतो. हे नवा सदरा घालून पंगतीत पहिल्या जागेवर बसले. किती मटण पडेल ते त्यांनी सकाळीच सांगितलं होतं आणि तेवढंच पडलं होतं, त्यामुळे मोठ्या थाटात होते. चाचांनी फातेहा पढला. वाढप्याने ताट ठेवलं. रश्शावर लाल तेलाचा थर होता, आणि वर नळीचं हाड. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत बसली होती. त्यांनी भाकरी मोडली.

मी पिठाच्या हातांनी उठले. पुरुषांच्या पंगतीत बाई जात नाही. मी गेले आणि त्यांचं मनगट धरलं.

"खाऊ नका," मी म्हटलं. "घरी खाल्लं ते मटन नव्हतं. धिंगरी व्हती. दसऱ्यापासून धिंगरीच व्हती. रिपोर्ट तिच्यानं सुधारला."

माझं पीठ त्यांच्या मनगटाला लागलं होतं. मला वाटलं, ओरडतील, हात उगारतील. त्यांनी हळूच विचारलं, "आन हाडं?"

"चाचीकडची."

"दर वेळी नवी?"

तिथे तरी खोटं बोलायला पाहिजे होतं. पण माझ्यात खोटं उरलं नव्हतं. म्हटलं, "न्हाई. तीच."

पंगतीत कुणीतरी म्हणालं, "बोकड पारखनारा मानूस, आन..." एवढंच. दोघे-तिघे हसले, मग सगळे. दुष्टपणाने नव्हे, गंमत वाटली म्हणून. ह्यांनी मोडलेली भाकरी ताटात ठेवली, ताट पुढे सरकवलं आणि चाचांना म्हणाले, "मला मलीदा द्या." चाचांच्या घरून वाटीभर मलीदा आला. तो त्यांनी तळहातावर घेऊन खाल्ला, तेव्हा पंगत जेवायला लागली. मटण फार चांगलं झालं होतं म्हणे. मी खाल्लं नाही.

ते भांडले असते तर मीही भांडले असते, त्यात मला कुणी हरवत नाही. ते भांडलेच नाहीत. बाळापूरच्या बाजारात कुणी म्हणालं, "मामा, बघा बरं, हे बोकड हाय का धिंगरी?" तेव्हापासून ते बाजारात जायचे थांबले. आणि माझ्या हातचं खायचे थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून त्यांनी आपली चूल केली. मी वाढलेलं ताट तसंच राहिलं. मी रडले, पाया पडले. म्हटलं, जीव वाचावा म्हणून केलं. ते म्हणाले, "म्हाईत हाय मला." आणि फुंकणी उचलून चुलीत फुंकर घातली. चिडून बोलले असते तर बरं झालं असतं.

आता वर्ष होत आलं. उन्हाळाभर वाळवलेली धिंगरी होती, यंदा थंडी पडल्यावर ताजी लागली. ते स्वतः करडांच्या खोलीत जातात, हवा तेवढा झुबका तोडून आणतात आणि आपल्या चुलीवर शिजवतात. डाळही लावतात. परवा नांदेडला नेलं तर रिपोर्ट पहिल्यापेक्षा चांगला. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला यश आहे." हे खिडकीबाहेर बघत बसले.

काल संध्याकाळी मी माझं ताट घेऊन त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसले आणि म्हटलं, "मला बी चाखू द्या जरा." त्यांनी पळीने वाढलं. मसाला नाही, रस्सा नाही. हळद, चिमूटभर मीठ आणि अख्खी धिंगरी, एकही देठ फाडलेला नाही, चिरलेला नाही. मी विचारलं, बारीक काहून केली न्हाई, शिजायला सोपी जाते.

"काय खातो ते दिसलं पायजे," ते म्हणाले.

चव चांगली होती. त्यांनी पुष्कळ वर्षं जगावं हेच मी पिराला मागितलं होतं आणि ते जगणार, हे मला दिसतंय. तेवढी सगळी वर्षं या अंगणात दोन चुली पेटणार आहेत.